तापीचा नमुना कोणाच्या पैशाने?

जळगावात फोन केला की हा वाद निघतोच. एक मैत्रीण म्हणते, प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांच्याच पैशावर चालतं, मग ते कारखान्यांना काय धरणार? एमआयडीसीत दालमिल चालवणारा मावसभाऊ वेगळाच चिडतो: संमतीपत्राची (कारखाना चालवायला मंडळाच्या परवानगीची) फी भांडवली गुंतवणुकीवर, यंत्र घेतलं की फी वाढते.

इंग्लंडमध्ये राहून मला वाटतं, फी घेण्यात गैर काही नाही. सरकारी अनुदान आटतं तिथे खरं दुखणं सुरू होतं.

प्रदूषणावर लक्ष ठेवणारी इथली सरकारी संस्था, एन्व्हायर्न्मेंट एजन्सी, 1996 पासून काम करते. परवान्याची फी, नदीतून पाणी उपसण्याचं शुल्क, अगदी गळ टाकणाऱ्याच्या लायसन्सचे पैसेसुद्धा ती घेते. पण परवान्याची फी परवान्याच्याच कामाला लागते. रात्री कोणी कळवलं की ओढ्यात मासे मेलेत, तर तिथे धावून जाणं बरंचसं सरकारी अनुदानावर. 2010 नंतरच्या दहा वर्षांत पर्यावरण रक्षणाचं हे अनुदान सुमारे 12 कोटी पौंडांवरून 4 कोटींवर आलं. त्यातच 2009 पासून पाणी कंपन्या आपल्या सांडपाण्याचे नमुने स्वतःच घेत होत्या! 2021 मध्ये सदर्न वॉटर या पाणी कंपनीला 9 कोटी पौंड दंड झाला, तो 2010 ते 2015 मध्ये सोडलेल्या मैल्यासाठी. न्यायालयाचा हा दंड सरकारी तिजोरीत जातो, एजन्सीला त्यातून माणूस नेमता येत नाही.

आपलं महाराष्ट्राचं मंडळ 1970 चं. 1977 च्या कायद्याने पाणीवापरावर आलेल्या उपकरातला वाटा राज्यांच्या मंडळांना मिळायचा. 2017 मध्ये जीएसटीबरोबर तोही गेला. मोठी भिस्त उरली संमती शुल्कावर. केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या यादीत तापीचा रावेर ते शहादा आणि गिरणेचा मालेगाव ते जळगाव हे पट्टे प्रदूषित म्हणून नोंदले आहेत. त्या पाण्यात गावोगावचा मैलाही आहे, आणि यावलच्या ज्या शेतकऱ्याची विहीर बिघडेल त्याच्या नावावर कुठलंच संमतीपत्र नसतं. त्याच्यासाठी नमुना घ्यायला जाणाऱ्याचा पगार दालमिलच्या फीतून का निघावा?

खानदेशच्या आमदारांनी अर्थसंकल्पात तापी-गिरणेच्या तपासणीसाठी आणि रात्रीच्या तक्रारींसाठी वेगळं अनुदान मागावं. आणि मावसभावाच्या फीतून त्याच्या मिलची किती वेळा तपासणी झाली, हे मंडळाने त्याला दरवर्षी लेखी द्यावं.