हरलेली पाच वर्षं

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ हे आमच्या वडिलांनाही ठाऊक होतं. तरी चढले. सोलापुरात एकाच कारखान्यात यंत्रमागावर १२ वर्षं टॉवेल विणले आणि शेवटी मालक म्हणाला, हा माझा कामगारच नव्हे, ठेकेदाराचा. म्हणजे ग्रॅच्युइटीचा विषयच संपला!

केस कामगार न्यायालयात गेली. बाहेरच्या बाकावर बसून पुकाऱ्याची वाट बघायची आणि दुपारी कळायचं, समोरचे वकील आलेच नाहीत, पुढची तारीख. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. गल्लीत जो तो सांगायचा, मालकाची वरपर्यंत ओळख आहे, सेटिंग झालं असणार. मलाही तसंच वाटायचं.

निकाल लागला. हजेरीच्या वहीत नाव सापडलं त्या ७ वर्षांची ग्रॅच्युइटी मंजूर. आधीच्या ५ वर्षांचा कागद नाही, म्हणून नामंजूर. मी चिडलो. वडील म्हणाले, “साहेबानं मालकाच्या वकिलालाबी झापलं आन् माझ्याकडंबी पुरावा मागितला. मग बोलायचं काय?”

त्या न्यायाधीश साहेबाला सरकारकडून बदली होण्याची धास्ती असती, तर कागद असूनही आमची ७ वर्षं गेली असती.

१९३० चा इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, भोगलेल्या सोलापूरला ही धास्ती समजावून सांगायला नको. पण स्वतंत्र भारतातही ती होतीच. २८ एप्रिल १९७६ ला, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी उच्च न्यायालयात दादच मागता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशपद कनिष्ठाला दिलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं ते २०१७ मध्ये. बहुमतातल्या न्या. यशवंत चंद्रचूडांचा निकाल खोडणाऱ्यांत त्यांचे चिरंजीवही होते.

सरकार कुठलंही असो, त्याला ऐकण्यातला न्यायाधीश हवाच असतो. म्हणून न्यायाधीश नेमण्यात सरकारलाही वाटा देणारा नियुक्ती आयोग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला ते मला पटतं. कॉलेजियमचं, म्हणजे न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाचं, बंद दार मात्र पटत नाही. आत कुणाचं नाव का कापलं, हे आपल्याला कळायला नको?

परवा वडिलांना विचारलं, त्या ५ वर्षांसाठी वर का गेला नाहीत? म्हणाले, “हायकोर्ट मुंबईला. जाणार कोण?” मी सांगितलं, १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं हायकोर्टाच्याच कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

वडील हसले. “ते बरं झालं की. पण वही कुठनं आणू?”