अॅबर्डीनच्या काकांना उत्तर

काका,

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव न घालता ‘एक जुना अॅबर्डीनकर’ एवढंच लिहिलंत आणि मला ‘अगं पोरी’ म्हणालात, म्हणून काका म्हणतेय. ग्लासगोच्या बार्लिनी तुरुंगावरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्कॉटलंडच्या सरकारचे हात बांधलेले आहेत, पैसा लंडनहून येतो. तुरुंग भरतात ते न्यायाधीशांमुळे. इथली फुकट औषधं खाऊन मी लंडनच्या पेपरांसारखी एडिनबरावर, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारवर, तुटून पडते. बाहेरून आलेल्यांनी जपून बोलावं. आणि मुळात ‘कैद्यांचं एवढं काय?’

आधी माझी चूक कबूल करते, कारण ती तुम्ही बरोबर पकडलीत. पोलमाँटच्या तरुण कैद्यांच्या तुरुंगात २०१८ मध्ये दोन मुलं दगावली, एक एकवीस वर्षांची विद्यार्थिनी आणि एक सोळा वर्षांचा मुलगा. त्याबद्दल मी लिहिलं होतं की तुरुंग खात्यावर आरोग्य-सुरक्षा कायद्याखाली खटला भरता येत नाही आणि हे कवच हॉलीरूडने, म्हणजे एडिनबरातल्या स्कॉटिश विधानसभेने, मनात आणलं तर काढून टाकता येईल. तसं नाही. तो कायदा वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या, राखीव विषयांत मोडतो, एडिनबराला एकट्याने तो बदलता येत नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण त्याच प्रकरणातलं बाकीचं पाहा. स्कॉटलंडमध्ये कोठडीतल्या मृत्यूची शेरीफसमोर (इथला स्थानिक न्यायाधीश) चौकशी व्हावीच लागते. या दोघांच्या चौकशीचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये आला, म्हणजे सहा वर्षं उलटून गेल्यावर. हे मृत्यू टळू शकले असते, असं शेरीफने लिहिलं. मुलाबद्दलची माहिती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नीट पोचली नाही, कोठडीची रचना धोक्याची होती. यातलं काय लंडनच्या हातात होतं? तुरुंग, शेरीफ, सरकारी वकील, चौकशीचा कायदा, सगळं एडिनबराचं. सहा वर्षांचा उशीरसुद्धा.

आता ‘हात बांधलेले’ याबद्दल. मला वाटतं, तुम्ही १९९९ सालची गोष्ट विसरलात. तेव्हा तुम्ही इथेच असाल, मी पुण्यात शाळेत होते.

त्या वर्षी हॉलीरूडची विधानसभा सुरू झाली. बार्लिनी १८८२ सालचा तुरुंग. तिथल्या कितीतरी कोठड्यांत संडास नव्हते. रात्रभर कोंडलेल्या माणसांनी बादलीत उरकायचं आणि सकाळी रांगेत उभं राहून ती रिकामी करायची. एका कोठडीत दोघे असले तर एकाचं दुसऱ्यासमोर. अंदमानच्या कोठडीतल्या मडक्याच्या हकिकती ऐकत आपण वाढलो. तोच प्रकार विसाव्या शतकाच्या शेवटी ग्लासगोत चालू होता, आणि तो बंद करायचा असं कागदावर ठरलेलंही होतं. त्यासाठीचा पैसा हाताशी असताना नव्या सरकारने तुरुंग खात्याच्या शिल्लकीतले १ कोटी ३० लाख पौंड काढून न्यायखात्यातल्याच इतर कामांकडे वळवले. न्यायमंत्री होते लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे जिम वॉलेस, सरकार लेबरबरोबरच्या आघाडीचं. तेव्हा मी पुढे सत्तेत आलेल्या एसएनपीच्या (स्कॉटिश नॅशनल पार्टी) मागे लागले आहे हा आरोप इथे लागू होत नाही.

पुढची गंमत कायद्यातली आहे. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने इथल्या मंत्र्यांवर अट घातली की युरोपीय मानवी हक्क कराराशी विसंगत काही करण्याचा अधिकारच तुम्हाला नाही. ती अट १९९९ मध्येच लागू झाली, ब्रिटनभरचा मानवी हक्क कायदा अमलात यायला ऑक्टोबर २००० उजाडला. म्हणजे वाटून दिलेल्या सत्तेला मूळ सत्तेपेक्षा आधी आणि जास्त घट्ट लगाम होता. बार्लिनीच्या एका कच्च्या कैद्याने तोच लगाम ओढला. एप्रिल २००४ मध्ये लॉर्ड बोनोमी यांनी निकाल दिला: दाटीवाटीची कोठडी, त्यात ही बादली, दिवसाचा बहुतेक वेळ आत कोंडलेला, ही माणसाला हीन वागणूक आहे. त्याला भरपाई मिळाली सुमारे अडीच हजार पौंड. मग हजारो दावे आले आणि सरकारने एकूण कोटीभर पौंडांहून जास्त भरपाई दिली. वाचवलेली रक्कम आणि भरलेली रक्कम शेजारी शेजारी मांडून बघा. शिवाय संडास बांधायचे ते बांधावे लागलेच.

यावरही कळस आहे. २००७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की स्कॉटलंड कायद्याखालच्या अशा दाव्यांना वर्षभरात दाखल करण्याची मुदत लागू नाही. मुदत घालायची तर वेस्टमिन्स्टरची साथ हवी होती. एव्हाना एडिनबरात एसएनपी आणि लंडनमध्ये लेबर, म्हणजे साप-मुंगसाचं नातं. पण २००९ मध्ये कैद्यांचे जुने दावे रोखायची वेळ आली तेव्हा दोघांनी मिळून कायदा बदलला. बांधलेले हात असे सुटतात, काका! मनात असलं की सुटतात.

पैशाचं म्हणाल तर ठोक अनुदान लंडनहून येतं, खरं आहे. पण अनुदान ठरवायच्या बार्नेट सूत्रामुळे दरडोई खर्च इंग्लंडपेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त पडतो, आणि २०१७ पासून पगारावरच्या प्राप्तिकराचे दर एडिनबरा स्वतः ठरवतं. २०२४-२५ पासून सहा टप्पे, वरचा ४८ टक्के. माझ्या पगाराच्या स्लिपवर रोखठोक दिसतं ते. ‘केंद्र निधी देत नाही’ हे वाक्य तुम्ही-मी दोघांनीही मुंबईच्या विधान भवनातून इतक्यांदा ऐकलंय की एडिनबराच्या इंग्रजीतून आलं तरी ओळखू यावं.

आणि पैसा खर्च होतो तो कसा? बार्लिनीच्या जागी येणारा नवा तुरुंग पाहा. एके काळी अंदाज १० कोटी पौंडांचा होता, मग ४० कोटींचा, आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेला आकडा ९९ कोटी ८४ लाख. जागा १,३४४. भागाकार केला तर एका कैद्याच्या जागेला सुमारे ७ लाख ४३ हजार पौंड. महागाई, बांधकामाचे वाढलेले दर, सगळं धरलं तरी वर्षानुवर्षं निर्णय पुढे ढकलत नेल्याची किंमत त्यात आहेच. इन्व्हरनेसच्या नव्या तुरुंगाचीही हीच तऱ्हा. सरकारी फेरी-बोटींचं तर बोलायलाच नको. ‘ग्लेन सॅनॉक्स’ २०१७ मध्ये खोट्या रंगवलेल्या खिडक्यांनिशी पाण्यात सोडली आणि ती प्रवासी घेऊन निघाली २०२५ मध्ये. तुम्ही जहाजांच्या गावचे, मी काय सांगू.

न्यायाधीशांवर ढकलणंही मला पटत नाही. शिक्षा न्यायाधीश देतात, पण किती काळ आत ठेवायचं त्याचे नियम हॉलीरूड करतं. २०१५ मध्ये कायदा करून लांब शिक्षा झालेल्यांची आपोआप होणारी मुदतपूर्व सुटका जवळजवळ बंद केली. कडक दिसायचं होतं. माणसं आत साठत गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात ८,००० च्या वर कैदी झाले, तेव्हा तातडीने ४७७ जणांना सोडावं लागलं. त्याच वर्षी दुसरा कायदा केला: चार वर्षांच्या आतली शिक्षा असेल तर निम्म्याऐवजी ४० टक्के भोगून बाहेर. दोन्ही कायदे एकाच पक्षाच्या राजवटीतले. शिवाय आतल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा कच्च्या कैद्यांचा, ज्यांचा खटला अजून उभाच राहिलेला नाही. कोर्टांना माणसं आणि खोल्या कोण देतं?

चांगलं झालं ते मी लिहीत नाही, असं म्हणालात. लिहिते. महिलांसाठी २०२२ मध्ये डंडी आणि ग्लासगोत छोटी, वस्तीतली केंद्रं निघाली, ती कल्पना उत्तम आहे. ऑगस्ट २०२४ पासून अठराच्या आतलं कुणी पोलमाँटमध्ये नाही. फुकट औषधं मीही घेते, आणि त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण याच सरकारने २०११ मध्ये कायद्यानेच हमी दिली होती की ठरलेल्या उपचारासाठी रुग्णाला १२ आठवड्यांपेक्षा जास्त थांबावं लागणार नाही. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याला पहिलं पत्र आलं त्यात ही हमी छापलेली होती. दुसरं पत्र अकरा महिन्यांनी आलं, त्यातही छापलेली होती. हमी मोडली तर काय, ते दोन्ही पत्रांत नव्हतं. कृतज्ञता आणि विचारणा एकाच तोंडाने करता येते, आपण सासरी करतोच की.

‘कैद्यांचं एवढं काय’ याचं उत्तर देते म्हटलं तर लांबेल. एवढंच सांगते: दवाखाना बिघडला की रांगेतला माणूस पेपरात पत्र लिहितो, शाळा बिघडली की पालक आमदाराला गाठतात. तुरुंगातल्या माणसाचं कुणी मत मागायला येत नाही. त्यामुळे पैसा काढायचा तर आधी तिथून निघतो, १९९९ मध्ये निघाला तसा. तुरुंगांचे मुख्य निरीक्षक अहवाल लिहितात, पण सुचवण्यापलीकडे त्यांना अधिकार नाही. महालेखापरीक्षक आकडे मांडतात, पैसे गेल्यावर. उरतात ते बाहेरचे आपण.

राहता राहिलं बाहेरून आलेल्यांनी बोलण्याचं. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही आपल्याला इथे मत होतंच. २०२० मध्ये हॉलीरूडने कायदा करून कायदेशीर राहणाऱ्या इतर सगळ्या परदेशी नागरिकांनाही ते दिलं. चांगला कायदा आहे, श्रेय याच सरकारचं. त्याच कायद्याने आणखी एक केलं: १२ महिने किंवा त्याहून कमी शिक्षा झालेल्या कैद्यांना हॉलीरूडच्या निवडणुकीत मताचा हक्क. तेव्हा बार्लिनीतला एखादा छोट्या शिक्षेवरचा माणूस आणि मी, घरं जवळ असली तर, एकाच मतदारयादीत असू.