'परत आमच्याच गल्लीत आणून सोडली' वाल्या मेसेजला उत्तर

आपल्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर कुत्र्यांचा एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडे पण आला असेल. थोडक्यात असा: महापालिकेची गाडी कुत्री उचलायचं नाटक करते कारण ठेकेदाराचं बिल निघायला पाहिजे, चार दिवसांनी तीच कुत्री परत त्याच गल्लीत, वरून रात्री मिरजेची कुत्री आणून सांगलीत सोडतात, सुप्रीम कोर्टाने देशातली सगळी कुत्री शेल्टरमध्ये टाकायला सांगितलंय तरी हे ऐकत नाहीत, आधी मारून टाकायचे तेव्हा रस्त्यावर एक कुत्रं दिसायचं नाही, आणि सगळ्यात शेवटी, कान कापलेलं कुत्रं चावलं तर घाबरू नका, त्याला लस दिलेली असते, इंजेक्शन घ्यायची गरज नाही. खाली हात जोडलेले सात-आठ इमोजी आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

आधीच सांगतो, मी काय कुत्र्यांना बिस्किटं घालत फिरणारा माणूस नाही. कुपवाडहून रात्री सेकंड शिफ्ट करून गाडीवरनं येताना जी टोळकी मागं लागतात त्यांचा मला पण तेवढाच राग येतो जेवढा तुम्हाला येतो. पण राग बरोबर ठिकाणी काढावा की. हा मेसेज नेमका जे बरोबर चाललंय त्यावर तुटून पडतो आणि जिथं खरंच बोंब आहे ते विचारतच नाही.

पहिलं, "नाटक". लोकांच्या डोक्यात असं बसलंय की कुत्र्यांची गाडी म्हणजे कचऱ्याच्या घंटागाडीसारखी, उचललं की संपलं. तसं ते कामच नाही ओ. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्याखाली २००१ साली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आले आणि ते बदलून मार्च २०२३ मध्ये नवीन नियम आले, एबीसी रूल्स म्हणतात ते. त्यात गाडीने काय करायचं ते लिहून दिलंय. भागात येण्याआधी लोकांना कळवायचं. जाळीने नाहीतर हाताने पकडायचं, चिमटे आणि तारेचे फास चालत नाहीत. पकडलं की लगेच गळ्यात नंबरचा पट्टा, आणि कुठनं पकडलं त्याची नोंद. नसबंदीच्या सेंटरवर जेवढे पिंजरे तेवढीच कुत्री आणायची, नर-मादी वेगळे, वेगवेगळ्या भागातली एकत्र कोंबायची नाहीत. उपाशी ठेवून मग ऑपरेशन, ते जनावरांच्या डॉक्टरनेच करायचं, रेबीजची लस, ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला खाच, टाके सुकेपर्यंत चार-पाच दिवस देखरेख आणि मग जिथनं उचललं तिथंच सोडायचं, तारीख-वेळ-जागा लिहून. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू ऑपरेशनला घेता येत नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पण नाही. म्हणून "फोन केला तरी पिल्लं तशीच ठेवून गेले" ही जी तक्रार असते ना, तिथं गाडीवाल्या पोरांनी नियमच पाळलेला असतो, आणि आपण त्यांना शिव्या देतो.

आता त्याच गल्लीत परत का, हा खरा प्रश्न. कुत्रं राहतं ते जिथं खायला मिळतं तिथं. चिकनच्या दुकानामागं टाकलेली पिसं-आतडी, चायनीजच्या गाड्यांखालचं खरकटं, कोपऱ्यावरचा उघडा कंटेनर. हे सगळं तसंच ठेवून तुम्ही दहा कुत्री उचलून कायमची नेली तर पलीकडच्या गल्लीतली, नाहीतर समडोळी रोडच्या कचरा डेपोकडची दहा येऊन बसणार, आणि ती ऑपरेशन न झालेली, लस न दिलेली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात बघा, खाच पडलेलं कुत्रं तेच काम करतं, पिल्लं घालत नाही आणि बाहेरच्याला पण बसू देत नाही. दुसरीकडे नेऊन सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडणार, ते बिथरणार, रस्ता ओलांडताना गाडीखाली येणार किंवा एखाद्याला चावणार.

आणि हे काम महिन्याभरात दिसत नाही हे पण खरं. कुत्री गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांत विते, एका वेळी चार-सहा पिल्लं, वर्षातून दोनदा पण होऊ शकतं. आपल्याकडं भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो हे आजीपासून सगळ्यांना माहितीय, मग दिवाळीच्या पुढं-मागं जिकडंतिकडं पिल्लं आणि पिल्लांवर बसलेली आई जवळून जाणाऱ्याच्या पोटरीला धरते. म्हणजे एखाद्या भागातल्या जवळपास सगळ्या माद्यांचं ऑपरेशन भाद्रपदाच्या आत झालं तर उपयोग, इथनं दोन तिथनं तीन अशी वर्षभर उचलत बसलं तर मागच्या मागं पिल्लं भरून काढतात. जयपूरमध्ये १९९४ पासून हे काम चिकाटीने चाललं आणि तिथं माणसांना चावण्याच्या केसेस कमी झाल्याचं अभ्यासात आलंय. चिकाटीने, हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या वॉर्डात किती माद्या आहेत आणि त्यातल्या कितींचं ऑपरेशन झालं, हे आपल्यातल्या एकाने तरी कधी विचारलंय का? नाही, आपण विचारतो परत का आणली.

बिलाचं म्हणाल तर खोटी बिलं निघूच शकत नाहीत असं मी अजिबात म्हणणार नाही, आपण सगळे इथलेच आहोत. पण नियम करणाऱ्यांना पण ते माहिती होतं. म्हणून ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव ठेवून ते मोजायचे आणि मग नष्ट करायचे असं नियमातच आहे (वाचायला किळसवाणं वाटतं पण हिशोब तपासायला याच्याइतकं पक्कं काही नाही, एका कुत्रीची दोनदा नसबंदी होत नसते). वर आयुक्तांच्या खाली देखरेख समिती असते. माहिती अधिकारात अर्ज टाका, पकडल्याचं रजिस्टर, सोडल्याचं रजिस्टर आणि अवयव मोजल्याची नोंद तिन्ही मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर मग करा व्हायरल, मी पहिला शेअर करतो.

मिरजेची कुत्री रात्री सांगलीत. यावर जास्त काय बोलायचं, मिरजवाल्यांच्या ग्रुपवर हाच मेसेज "सांगलीची कुत्री मिरजेत" म्हणून फिरतोय. १९९८ पासून तिन्ही गावांची महापालिका एक आहे पण कुत्र्यांच्या बाबतीत आपली सरहद्द अजून शाबूत! नवीन कुत्री दिसतात हे मात्र खरं आणि त्याची कारणं साधी आहेत. माजाच्या दिवसात नर लांबलांबनं येतात. हौसेनं आणलेलं पाळीव कुत्रं आजारी पडलं किंवा भाडेकरूने घर बदललं की पट्टा काढून सोडून देतात. आणि काही सोसायट्या स्वतःच वर्गणी काढून कुणाला तरी पैसे देतात, तो पोत्यात घालून नदीकडे नाहीतर दुसऱ्या कॉलनीच्या कडेला सोडून येतो. म्हणजे रात्रीचा टेम्पो असेलही, तो महापालिकेचाच कशावरून? ओळखायचं तर कान बघा. सेंटरवरून आलेल्या कुत्र्याला खाच असणार. खाच नसलेली पाच कुत्री एका रात्रीत उगवली तर ती आपल्यातल्याच कुणीतरी आणून टाकलीत.

कोर्टाचं जरा नीट सांगतो कारण इथं मेसेजवाल्याचं थोडं बरोबर आहे. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी दिल्ली आणि आजूबाजूच्या भागातली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका असा आदेश दिला होता. सांगलीचा त्यात संबंध नव्हता. पुढं अकराच दिवसांत, २२ ऑगस्टला, तीन न्यायाधीशांच्या बेंचने तो बदलला: नसबंदी करा, लस द्या, त्याच भागात परत सोडा, फक्त रेबीज झालेलं किंवा तसा संशय असलेलं आणि आक्रमक कुत्रं सोडू नका, आणि खायला घालायला जागा ठरवून द्या, वाटेल तिथं रस्त्यावर नको. हे प्रकरण मग सगळ्या राज्यांना लागू केलं. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ ला अजून एक आदेश आला की शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनच्या आवारातली कुत्री काढा आणि ती तिथं परत सोडू नका, शेल्टरमध्ये ठेवा. म्हणजे मिरज जंक्शनच्या फलाटावरचं किंवा सिव्हिलच्या आवारातलं कुत्रं परत तिथंच दिसलं तर तुम्ही कोर्टाच्या आदेशावर बोट ठेवून बोलू शकता. विश्रामबागेतल्या तुमच्या गल्लीतलं कुत्रं परत आलं तर तो अवमान नाही, तोच आदेश आहे. मेसेजमध्ये ११ ऑगस्ट तेवढा उचलला आणि पुढचं सगळं गाळलं.

आणि समजा सगळी ठेवायची म्हटलीच, तर ठेवणार कुठं? २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजार मोकाट कुत्री होती. काही जण म्हणतात गुरांसारखा कोंडवाडा करा. कोंडवाड्याचं गणित वेगळं आहे, गाईला मालक असतो, तो दंड भरून सोडवून नेतो आणि नाही आला तर लिलाव होतो. रस्त्यावरच्या कुत्र्याला सोडवायला कोण येणार आणि लिलावात घेणार कोण? एकदा आत घेतलं की दहा-बारा वर्षं रोजचं खाणं, डॉक्टर, साफसफाई, आणि एकाला पार्व्हो (कुत्र्यांचा पसरणारा रोग) झाला की अख्खी रांग आजारी. एबीसी सेंटर हे ऑपरेशन करून चार-पाच दिवसांत मोकळं व्हायला बांधलेलं असतं, ते भरून ठेवलं तर पुढची नसबंदीच बंद पडते.

"आधी मारायचे तेव्हा कुत्री नव्हती" हे आठवणीचे खेळ आहेत. मुंबईत इंग्रजांच्या काळापासून मारायचे, १८३२ मध्ये तर कुत्री मारण्यावरून पारशी मंडळींनी दंगल केली होती, आणि तिथनं पुढं १९९० च्या दशकापर्यंत मारत राहूनही मुंबईतली कुत्री संपली नाहीत. आज मारणं हा सरळ गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सेंटरवर सुद्धा फक्त बरं न होणाऱ्या किंवा मरणाच्या जखमा झालेल्या कुत्र्याला डॉक्टरच्या हाताने शांतपणे मरण देता येतं. पिसाळलेलं असेल तर वेगळं ठेवायचं, ते साधारण दहा दिवसांच्या आत आपोआप मरतं.

आता शेवटचा मुद्दा आणि ह्याच्यासाठीच मी एवढं टायपत बसलो, कारण बाकीचं खोटं नुसतं खोटं आहे, हे जीव घेणारं आहे. कानाला खाच आहे म्हणून इंजेक्शन नको. अहो ती खाच एवढंच सांगते की ह्या कुत्र्याचं कधीतरी ऑपरेशन झालंय आणि त्या वेळी एक लस दिलीय. कधी, ते खाच सांगत नाही. लसीचा जोर टिकवायचा तर दर वर्षी परत द्यावी लागते. तीन वर्षांपूर्वी खाच पडलेल्या कुत्र्याला मधे कुणी हात लावला नसेल तर त्याला पण रेबीज होऊ शकतो. आणि माणसाला लक्षणं दिसायला लागली की मग जगात कुठंही औषध नाही.

म्हणून कुठलंही कुत्रं चावलं, खाचेचं असू दे नाहीतर पाळलेलं असू दे, पहिलं काम नळाखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची. मोबाईलवर टायमर लावा, १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा लय मोठी असतात. वर तंबाखू, चुना, तिखट काही लावायचं नाही, हळद पण नाही (सांगलीत हळदीला तोटा नाही म्हणून काय जखमेत भरायची नसते). त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचा सरकारी दवाखाना, लस तिथं फुकट मिळते. "कुत्रं दहा दिवस जगतंय का बघू आणि मग जाऊ" करत बसू नका, आधी लस सुरू करा. ती पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झालीत, आता दंडात कातडीमध्ये घेतली तर पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिथनं तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, एवढंच. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजचं सीरम (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) पण लागतं, ते स्वतःहून विचारा, नुसती लस घेऊन घरी येऊ नका.

आणि महापालिकेशी भांडायचंच असेल तर इथं भांडा. खाच पडलेल्या कुत्र्यांना वर्षाची लस कोण देतं, मागच्या वर्षी कुठल्या वॉर्डात किती जणांना दिली? भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस झाली तर रेबीज पसरायचा थांबतो असं धरतात. शेजारच्या गोव्यात सेंटरची वाट न बघता टीम जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरल्या, जागेवर लस देऊन तिथंच सोडलं, आणि २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. त्याला पिंजरा लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही, गल्लीतल्या कुत्र्यांना ओळखणारा एक माणूस बरोबर लागतो, आणि तो तर आपल्या प्रत्येक गल्लीत आहे, ज्याला आपण रोज बिस्किटं घालतो म्हणून बोलतो तोच.