‘गिफ्ट’ म्हणजे विष? तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. त्यात लिहिलंय की इंग्रजीत गिफ्ट म्हणजे भेट, जर्मनमध्ये विष आणि स्वीडिशमध्ये लग्न झालेला, म्हणजे बघा, जर्मन लोक भेटवस्तूला विष समजायचे, स्वीडिश लोकांनी तर लग्नालाच विष ठरवलं आणि मूळ इंग्रजी शब्दाची सगळ्यांनी वाट लावली. तिन्ही अर्थ बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेली अनुमानं साफ चुकीची आहेत आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी छान आहे म्हणून लिहितेय.

शब्द मूळचा इंग्रजी, हे आधी डोक्यातून काढा. ‘देणे’ या क्रियापदावरून (इंग्रजी गिव्ह, जर्मन गेबेन) जर्मॅनिक भाषांमध्ये (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश वगैरेंचं कुळ) तयार झालेलं हे नाम, सगळ्यांच्या सामायिक वारशातलं. जुन्या इंग्रजीत तर त्याचा अर्थ वधूमूल्य असा होता, अनेकवचन केलं की लग्न. आणि उच्चार ‘य’ने व्हायचा, 14व्या शतकात इंग्रजी कवी चॉसरसुद्धा यिफ्ट लिहितो. आजचा कडक ‘ग’ आणि भेटवस्तू हा अर्थ व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून आला, म्हणजे इंग्रजीनेच तो शेजाऱ्यांकडून घेतलाय.

आता विष. ग्रीकमध्ये दोसिस म्हणजे देणं, त्यावरून वैद्याने मोजून दिलेली औषधाची मात्रा, तोच आपला डोस. लॅटिनमधून हा शब्द जर्मनांकडे आला तेव्हा त्यांनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं, ‘दिलेलं ते’, म्हणजे गिफ्ट. मग मात्रा जास्त झाली की औषधाचंच विष होतं, शिवाय विष हा शब्द उघड उच्चारण्यापेक्षा ‘काहीतरी दिलं’ म्हणणं सोपं (आपल्याकडेही ‘त्याला काहीतरी खायला घातलं’ म्हणतात, कळतं सगळ्यांना), असं करत करत तोच अर्थ उरला. भेटवस्तूबद्दल राग असता तर जर्मनमध्ये हुंड्याला आजही मिटगिफ्ट म्हटलं नसतं, मिट म्हणजे सोबत, मुलीसोबत दिलेलं. गंमत बघा, मिटगिफ्ट अजून स्त्रीलिंगी आहे, विषवाला गिफ्ट मात्र नपुंसकलिंगी झाला. आणि हो, दोसिसचा धातू तोच जो संस्कृतमधल्या ‘दा’चा, म्हणजे डोस आणि दान एकाच घरातले.

स्वीडिशवाला मुद्दा वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण हा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. ‘तुमची धाकटी कुठे दिली?’ ‘साताऱ्याला दिली.’ काय दिली, कोणाला दिली, कोणी विचारत नाही, दिली म्हणजे लग्न करून दिली. जुन्या नॉर्समध्ये अगदी हेच, गिप्ता म्हणजे मुलगी लग्नात देणं, आणि स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये गिफ्ट म्हणजे विवाहित, तो मुळात ‘दिलेली’. पुढे तो नवऱ्यालाही लागू झाला. त्यांच्याकडे विषालाही गिफ्ट म्हणतात हे खरं, पण तो अर्थ मागाहून, उत्तर जर्मनीच्या भाषेतून आला. लग्नाचा अर्थ घरचा, विषाचा बाहेरून आलेला, त्यामुळे लग्नाला विष ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. ‘देणे’ या एकाच शब्दाला दोन वेगळ्या वाटांनी फुटलेले हे दोन अर्थ.

मेसेजमधली एक सूचना मात्र बरोबर आहे, जर्मनीत कुणाला भेट देताना पुड्यावर गिफ्ट लिहू नका. तिथे दुकानात रॅटनगिफ्ट लिहिलेला डबा मिळतो तो उंदराच्या औषधाचा. भेटीला गेशेंक म्हणायचं, आणि हा शब्द आलाय ओतणे या क्रियापदावरून, घरी आलेल्या पाहुण्याच्या पेल्यात यजमानाने ओतलेलं पेय.