‘आधी माणूस सुधारा, मग घर द्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

“फिनलंडने बेघरांना फुकट घरं वाटली. छोट्या, श्रीमंत देशाला ते परवडतं. कॅलिफोर्नियाने तेच केलं तर तिथे बेघर वाढले. दारुड्याला घर देऊन काय होणार? आधी व्यसन सोडवा, कामाला लावा, मग घराचं बघा.” या अर्थाचा मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. मांडणी पटकन पटण्यासारखी आहे, म्हणूनच तिचा एकेक मुद्दा तपासायला हवा.

पहिला मुद्दा ‘फुकट’चा. फिनलंडमध्ये 2008 पासून राबवलेल्या ‘आधी घर’ धोरणात बेघर माणसाशी रीतसर भाडेकरार होतो. तो भाडं भरतो. उत्पन्न कमी असेल तर सरकारी भत्ता मिळतो, पण तो तिथल्या कुठल्याही गरीब भाडेकरूला मिळतोच. शेजाऱ्यांना त्रास दिला तर इतर भाडेकरूंचे नियम यालाही लागू. वाय-फाउंडेशन ही 1985 सालची संस्था फ्लॅट विकत घेते, बांधते आणि भाड्याने देते.

आता मुख्य मुद्दा, ‘आधी सुधारा’. ही कल्पना काही नवी नाही. अनेक देशांनी वर्षानुवर्षं हेच केलं: आधी निवारा, मग दारू सोडल्याचं सिद्ध करा, मग तात्पुरती खोली, आणि सगळ्या परीक्षा पास झालात तर स्वतःचं घर. मधे एकदा पाय घसरला की पुन्हा रस्त्यावर. सगळ्यात आजारी माणसंच यात सगळ्यात आधी गळत. रात्री सामान चोरीला जाईल म्हणून जो जागा राहतो, त्याने औषधं वेळेवर कशी घ्यायची? डॉक्टरची तारीख कळवायला त्याला पत्ता कुठला? 1992 साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला. गंभीर मानसिक आजार असलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना त्याने थेट फ्लॅट मिळवून दिले आणि उपचारांची अट काढून टाकली. मदत करणारी माणसं मात्र घरी येत राहिली.

याची सर्वांत कसून तपासणी कॅनडाने केली. 2009 ते 2013 या काळात पाच शहरांतल्या सुमारे 2,000 बेघरांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला घर आणि घरपोच मदत, दुसऱ्याला शहरात एरवी असतील त्या सेवा. घर मिळालेल्यांनी दोनच गोष्टी कबूल करायच्या होत्या: उत्पन्नातला ठरावीक वाटा भाड्यात द्यायचा आणि आठवड्यातून एकदा कार्यकर्त्याला भेटायचं. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले 62 टक्के लोक पूर्ण काळ घरात होते, दुसऱ्या गटातले 31 टक्के.

व्यसन सुटलं का? दोन्ही गटांत साधारण सारखीच सुधारणा दिसली. घर मिळाल्याने दारू आपोआप सुटत नाही, हे आपणही मान्य करायला हवं. पण ‘घर दिलं तर व्यसन वाढेल’ ही भीतीही तिथे खरी ठरली नाही. मग सुधारणा होईपर्यंत माणसाने फुटपाथवरच का झोपायचं, याचं उत्तर मेसेज पाठवणाऱ्यांनी द्यावं.

कॅलिफोर्नियाचा दाखला मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण आकडे खरे आहेत. तिथे 2016 साली या धोरणाचा कायदा झाला आणि त्यानंतरही बेघर वाढले. पण धोरण ‘आधी घर’ म्हणतं, आणि घरंच नसतील तर द्यायचं काय? तिथली भाडी आणि घरांची टंचाई इतकी आहे की एकाला घर मिळेपर्यंत दुसरी माणसं घराबाहेर पडतात. अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहराने हीच पद्धत वापरली आणि 2011 नंतर बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आणली. तिथे घरं तुलनेने स्वस्त होती. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण अमेरिकेत सर्वाधिक राहिलं आहे, तरी बेघरांचं प्रमाण कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी कमी. व्यसन हेच मूळ कारण असतं तर हे उलटं दिसलं असतं.

खर्चाबाबत दोन्ही बाजूंनी फुगवून बोललं जातं. कॅनडात सर्वाधिक खर्चिक 10 टक्के लोकांवर, म्हणजे सतत इस्पितळात आणि कोठडीत जाणाऱ्यांवर, या कार्यक्रमात खर्च केलेल्या दर 10 डॉलरमागे सुमारे 22 डॉलर वाचले. सगळ्यांच्या बाबतीत असं घडलं नाही. मला विचाराल तर पैसे वाचले नसते तरी हे करायला हवं होतं.

‘छोटा, श्रीमंत देश’ हे खरं, पण 1980 च्या दशकातही फिनलंड काही गरीब नव्हता, आणि तेव्हा तिथे आजच्यापेक्षा कितीतरी जास्त बेघर होते. बदल घडला तो निवाऱ्यांचीच घरं केल्यामुळे. हेलसिंकीत 1970 साली निवाऱ्यांत 2,121 खाटा होत्या, 2016 साली 52. देशभरात 2023 अखेर 3,429 बेघर उरले होते. 2024 साली घरभाडे भत्त्यात कपात झाली आणि त्या वर्षाअखेर आकडा 3,806 वर गेला.

मुंबईकर इथे हमखास म्हणतात, ‘आमच्याकडे एसआरएची घरं विकून लोक परत झोपडीत जातात.’ पण एसआरएत, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, घराची मालकी मिळते, तीही झोपडीचा पुरावा असलेल्याला. फुटपाथवर उघड्यावर झोपणाऱ्याकडे तो पुरावा नसतोच. आपल्याकडे त्याच्यासाठी आहे तो रात्रनिवारा: सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार शहरी लोकसंख्येत दर एक लाखामागे एक. फिनलंडमधली घरं भाड्याची आहेत, मालकी संस्थेकडे किंवा पालिकेकडे राहते. ती विकता येत नाहीत, आणि भाडेकरू अडचणीत आला तर दार ठोठावणारा कार्यकर्ता असतो. एसआरएचा अनुभव या पद्धतीविरुद्धचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही, कारण ही पद्धत आपण वापरलेलीच नाही.