संकल्प पक्का, क्रियापद कच्चं

येत्या वर्षात घरबसल्या फ्रेंच सुधारायचं ठरवलंत? फार छान. अकरावी-बारावीत मराठीला रजा देऊन तुम्ही फ्रेंच घेतलं होतं, ते काही भाषेच्या ओढीनं नव्हे, 'स्कोरिंग' म्हणून. धडे पाठ, प्रश्नोत्तरं पाठ, निबंधही पाठ. झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर अख्खी भाषा पार पडली आणि गुणपत्रिकेत पंचाण्णव झळकले. ते पंचाण्णव पुढे कुठे गेले, हे विचारायचं नाही. 'माझं फ्रेंच जरा गंजलंय' असं म्हणत जा. ऐकायला बरं वाटतं. गंज चढायला आधी लोखंड असावं लागतं, हे तोंडावर सांगण्याइतकं आगाऊ सहसा कोणी नसतं.

तर नियोजन. मी त्यावर बोलू शकते, कारण गेल्याच रविवारी याच विषयावरच्या एका मोफत वेबिनारमध्ये माझी अख्खी दुपार गेली. त्याबद्दल पुढे येतेच.

पहिलं काम वही. फ्रेंच सुरू करायला फ्रेंच लागत नाही, वही लागते. अप्पा बळवंत चौकात जा, चांगल्या जाड कागदाची, ठिपक्याठिपक्यांची, रबरबँड असलेली घ्या. पेनं निदान चार रंगांची. पुल्लिंगाला निळं, स्त्रीलिंगाला गुलाबी, अनियमित क्रियापदांना लाल. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात आपलं नाव आणि 'माझा फ्रेंच प्रवास' असं लिहा. मग एक्सेलमध्ये तक्ता करा. सोमवारी व्याकरण, मंगळवारी ऐकणं, बुधवारी वाचन, गुरुवारी लेखन, शुक्रवारी संभाषण (कोणाशी, ते नंतर बघू), शनिवारी सिनेमा आणि रविवारी उजळणी. रविवारी कोणाची ना कोणाची मुंज असतेच, पण तक्त्यात रकाना रिकामा दिसता कामा नये. प्रत्येक वाराला रंग भरून झाले की फोटो काढा, स्टेटसला लावा. 'वाह, जिद्द!' असे दहा-बारा अंगठे येतात. तुमच्या फ्रेंचचा वर्षातला सर्वोच्च क्षण तोच, तेव्हा घाई करू नका, नीट उपभोगा.

तासांचा हिशोबही करायला हरकत नाही. अमेरिका आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना ज्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटमध्ये भाषा शिकवते, तिथे फ्रेंचसाठी साधारण 30 आठवडे, म्हणजे वर्गातले सातशेच्या आसपास तास धरतात. तेही पगारी, दुसरं काही काम नसताना, समोर शिक्षक बसलेला असताना. तुमचं थोडं आधी झालंय म्हणून 500 धरा. आता कॅल्क्युलेटर बंद करा आणि तक्त्यात लिहा : रोज 15 मिनिटं. वर्षाचे नव्वद तास होतात. साडेपाच वर्षांचं काम एका वर्षात बसवायचं म्हणजे नियोजन चोखच पाहिजे, नाही का?

ॲप रोज उघडा. दात घासता घासता 'मांजर सफरचंद खाते' हे वाक्य जुळवा, साखळी तुटू देऊ नका. पॅरिसच्या स्टेशनवर गाडी चुकली आणि शेजारी सफरचंद खाणारं मांजर असलं, तर तुमच्यासारखा बोलका माणूस नाही.

उच्चारांवर वेळ घालवू नका. 'बोनजोर' म्हणा, समोरचा आपण होऊन इंग्रजीवर येतो.

आपली पातळी आपणच जाहीर करा. युरोपच्या कौन्सिलनं 2001 साली ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आखून दिल्या, त्या काय नुसत्या पाहायला? 'मी बी-वन आणि बी-टूच्या मध्ये कुठेतरी आहे' हे वाक्य कुठल्याही लग्नात चालतं. परीक्षेला मात्र बसू नका. डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा पास व्हायला शंभरात पन्नास लागतात आणि चारही भागांत पंचवीसपैकी निदान पाच. पंचाण्णववाल्यांनी पन्नाससाठी बसायचं? शोभत नाही. शिवाय त्यात एक भाग बोलण्याचा असतो, समोर खराखुरा माणूस बसवतात, आणि त्यानं काय विचारावं याच्या नोट्स मिळत नाहीत.

ऐकण्याचा सराव तर टाळाच. ऐकायला गेलं की आकडे आडवे येतात. फ्रान्समधला माणूस फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतो. साठ ऐकून तुम्ही 6 लिहावा, तोच मागून पंधरा येतं आणि त्याचे पंचाहत्तर होतात. सत्त्याण्णव म्हणजे चार विसा, दहा, सात. आपल्या पणज्या विसावरच मोजायच्या म्हणा, पण त्या फोन नंबर सांगत नव्हत्या. (2019 साली दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' म्हणा असं आलं, तेव्हा आपण सगळ्यांनी केवढा गहजब केला. फ्रेंच पोरं सत्तावीसला सरळ वीस-सातच म्हणतात आणि त्यांच्या संस्कृतीला काही झालेलं दिसत नाही. असो, तो वेगळा लेख.)

वर्षभरात जमलं नाही तर खजील होऊ नका. आकादेमी फ्रांसेज 1635 पासून फ्रेंच भाषेची राखण करते. चाळीस सभासद, 'अमर' म्हणवून घेणारे. त्यांनी आपल्या शब्दकोशाची आठवी आवृत्ती 1935 मध्ये संपवली आणि नववी 2024 मध्ये. तेव्हा तुमचा मार्चमधला धडा ऑगस्टमध्ये गेला तर बिघडलं काय.

आता कोच. स्वतः शिकायचं म्हणजे कोच हवाच, हे तुम्हाला माहीत असेल. मला रविवारी कळलं. 'गंजलेल्या फ्रेंचपासून बी-टूपर्यंत, फक्त बारा महिन्यांत', मोफत, दुपारी तीनला. जेवण आटपून, आमटीचं पातेलं तसंच ठेवून बसले. सुरुवातीला सगळ्यांनी चॅटमध्ये आपापल्या गावाचं नाव टाकायचं. नाशिक, नागपूर, ठाणे, मिरज, न्यू जर्सी. सर एकेक गाव मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक गावाला 'अमेझिंग' म्हणत होते. मिरजेला अमेझिंग! मग 'आवाज येत असेल तर येस टाइप करा'. मग 'आयुष्य बदलायचं असेल तर येस टाइप करा'. मग 'एनर्जी कमी वाटतेय, सगळ्यांनी पुन्हा येस'. मग सरांनी नोकरी कशी सोडली, घरच्यांचा विरोध, खिशात पैसे नव्हते तेव्हाचे दिवस, आणि आता ही मागे दिसतेय ती गाडी.

मग कॅनडा. समोर बसलेल्यांत निम्मे त्यासाठीच आलेले, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. 2023 पासून कॅनडा एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे तिथे कायमचं राहायला माणसं निवडतात त्या योजनेत, फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या काढतं. त्याला ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींत त्यांची सातवी पातळी लागते, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण बी-टू. तिशी ओलांडली की दरवर्षी वयाचे गुण घटत जातात. त्यामुळे चॅटमध्ये जी माणसं होती ती हौशी नव्हती, घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं.

एका मुलीनं मध्येच विचारलं, सर, सुब्जोंक्तिफ नेमकं कधी वापरायचं? चांगला प्रश्न. 'अमुक करायलाच हवं', 'तमुक असलं तरी', असल्या वाक्यांत क्रियापदाचं ते रूप लागतं, दोन उदाहरणं दिली असती तर तीन मिनिटांत ती बया पुढे गेली असती. सर म्हणाले, 'ग्रेट क्वेश्चन! हे आपण मॉड्यूल सातमध्ये घेतो.' आणि मग आली किंमत. एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव, त्यावर काट, चार हजार नऊशे नव्व्याण्णव, फक्त पुढची पंधरा मिनिटं, कोपऱ्यात लाल घड्याळ उलटं पळतंय. घड्याळ शून्यावर आलं आणि पुन्हा पंधरापासून सुरू झालं! कोणी काही बोललं नाही. आणि विकत काय होते, तर तक्ता. बारा महिन्यांचा, रंगीत, पीडीएफ. सोमवारी व्याकरण, मंगळवारी ऐकणं.

अहो, दोन तास! दोन तासांत फ्रेंचचं एक वाक्य नाही. सुरुवातीला बोनजोर, शेवटी मेर्सी, मधे सगळं हिंदी-इंग्रजी-एनर्जी. मी चॅटमध्ये लिहिलं, 'सर, आपण एक मिनिट फ्रेंचमध्ये बोलाल का?' साधा प्रश्न. गाण्याच्या क्लासला गेलं तर बाई आधी सा लावून दाखवतात की नाही? माझा प्रश्न पुसला गेला, मग मला 'निगेटिव्ह एनर्जी' म्हणून बाहेर काढण्यात आलं. तेव्हापासून रोज वेगळ्या नंबरवरून निरोप येतोय : 'हाय डिअर, फक्त तीन सीट शिल्लक.' पीडीएफला सीट कसल्या? माणूस बसणार कुठे, पान चारवर?

असो. रागावू नये. कोर्स घ्याच.

जोडीला पुस्तकंही घ्या. क्रियापदं चालवून दाखवणारा जाड ठोकळा कपाटात उठून दिसतो. आणि एखादी कादंबरी. पहिल्याच पानावर पासे सँप्ल भेटेल, म्हणजे तो भूतकाळ, जो छापील गोष्टींत सगळीकडे असतो, तोंडी कोणी वापरत नाही आणि तुमच्या झेरॉक्समध्ये नव्हता. पुस्तक मिटायला इतकं सबळ कारण दुसरं मिळणार नाही. खरं तर ती रूपं नुसती ओळखू आली की भागतं, आणि एका संध्याकाळी ओळखू येतात; पण हे मॉड्यूल अकरामध्ये असेल.

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढा. रोज सकाळी आयफेल टॉवरवर गुलाब पडलेला फोटो.

आणि शेवटचा सल्ला, तक्रार करत राहा. 'निर्जीव वस्तूंना कसलं लिंग? काय ही भाषा!' असं दर भेटीत म्हणा.

हे मात्र मला आता खरंच ऐकवत नाही. तुमच्या घरात टेबल ते, खुर्ची ती आणि पंखा तो. तीन लिंगं तुम्ही दूधदातांच्या वयात पचवलीत, कोणी तक्ता करून दिला नव्हता, आणि फ्रेंचच्या दोनांवर कुरकुर करता? कोणाला 'तू' म्हणायचं, कोणाला 'तुम्ही', यावर इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. तुम्हाला त्यातली दोन पानंही लागू नयेत. सासऱ्यांना अरे-तुरे करता का? फ्रेंच शाळकरी पोरं ज्या नियमापायी रडकुंडीला येतात, कर्म आधी आलं की भूतकाळातलं रूप त्या कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलायचं, तो नियम म्हणजे दुसरं काय आहे? मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. रोज जेवताना करता तुम्ही हे! आणि नाकातले स्वर म्हणाल, तर रत्नागिरीकडच्या माणसाला ते शिकवायला जाणं हा त्याचा अपमान आहे. पण नाही. आपण फ्रेंच शिकणार इंग्रजांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून, इंग्रजाला जे जड जातं तेच जड म्हणून आधी घाबरून घेणार आणि हातात आहे ते बघणारसुद्धा नाही.

साधनं नाहीत म्हणता? आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे, रोजचं, सोबत छापील मजकूर, फुकट. टीव्ही5मोंद या फ्रेंच वाहिनीच्या साइटवर ए-वनपासून बी-टूपर्यंतचे धडे पडलेत, तेही फुकट. बातमीपत्र लावा, एक वाक्य झालं की थांबवा, कागदावर लिहा, मग मजकुराशी ताळा करा. चुकाल. भयंकर चुकाल. 1857 साली प्रॉस्पेर मेरीमे या लेखकानं फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या दरबारात असंच श्रुतलेखन घातलं. सांगतात की खुद्द सम्राटाच्या 75 चुका झाल्या, सम्राज्ञीच्या 62, आणि सगळ्यांत कमी, फक्त तीन, ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या. परदेशी माणूस! त्यानं ते कान देऊन आणि हात चालवून केलं असेल, रंगीत पेनांनी नाही. लिहून झालं की तीच वाक्यं मोठ्यानं वाचा, शेजारचे हसले तर हसू देत. या कामाला कोच नाही, ऑफर नाही, कोपऱ्यात घड्याळ नाही, म्हणून कोणी विकत नाही, आणि कोणी विकत नाही म्हणून तुम्ही करत नाही. चार हजार नऊशे नव्व्याण्णव भरायला सांगितलं असतं तर आत्ता हेडफोन शोधत असता.

आणि मला फोन करून 'तुला येतं ना, मग एक प्लॅन करून दे' म्हणू नका. देणार नाही. आजचं बातमीपत्र ऐकलंत का, तेवढं सांगा. नाही ना? मग कसला प्लॅन? 'सोमवारपासून' म्हणे! का, सोमवारी काय क्रियापदं कमी असतात?