वेल्सचे डोंगर फक्त इंग्रजांनी रंगवले, हे खरं नाही

सध्या एक पोस्ट फिरतेय, दोन-तीन ग्रुपवर आली म्हणून शेवटी सविस्तर लिहितेय. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: वेल्सने कवी दिले, गायक दिले, चित्रकार दिले नाहीत. तिथले डोंगर टर्नरसारख्या इंग्रज चित्रकारांनी येऊन रंगवले. रिचर्ड विल्सन म्हणून ज्याचं नाव घेतात तो इटालियन स्टाईलची नक्कल करणारा. तिथे ना राजदरबार ना आर्ट स्कूल, मग चित्रकार होणार कुठून? आणि नंतरचं जे काही आहे ते तेच डोंगर, तेच धुकं, तेच करडे रंग. चित्रांची आवड असलेली माणसं हे शेअर करतायत याचं खरंच वाईट वाटतं.

आधी टर्नर. टर्नरचा जन्म १७७५ चा. विल्सन १७१४ चा, वेल्समधल्या पेनेगोएस गावच्या पाद्र्याचा मुलगा, आणि त्याने नँटले तळ्याकाठून दिसणारा स्नोडन हा वेल्सचा सगळ्यात उंच डोंगर रंगवला तो १७६० च्या दशकात, म्हणजे टर्नर जन्मायच्या आधी. पुढे १७९८ मध्ये टर्नर वेल्सला गेला तेव्हा विल्सनचं जन्मगाव बघायला मुद्दाम गेला होता. कॉन्स्टेबल हा निसर्गचित्रं काढणारा इंग्रज चित्रकारही विल्सनला फार मानायचा. आणि १७६८ साली लंडनला रॉयल अकादमी ही चित्रकारांची संस्था निघाली तेव्हा विल्सन तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता. मग कोणी कोणाकडून शिकलं हे वेगळं सांगायला नको.

आता नक्कल. विल्सन १७५० च्या दशकात बरीच वर्षं इटलीत होता, तिथलं वळण त्याच्या हाताला लागलं हे कबूलच आहे. त्या स्नोडनच्या चित्रातही डोंगर प्रत्यक्षापेक्षा नीटनेटका केलाय, दोन्ही बाजू तोलून धरल्यात. पण वेल्समधल्याच काडेर इड्रिस डोंगराच्या कुशीतल्या तळ्याचं त्याचं चित्र बघा, १७७४ च्या सुमाराचं. ना पडकं देऊळ, ना कमान, ना पुराणातली माणसं. नुसते उघडे कडे, मधे तळं आणि माणसं अगदी बारीक. कडा त्याने थोडा जास्तच उभा काढलाय, पण विषय तोच, उघडा वेल्श डोंगर, आणि त्या काळात एवढ्यावर चित्र उभं राहू शकतं असं मानणारे फार थोडे होते.

त्याचा शिष्य टॉमस जोन्स तर पोस्टमध्ये नावालाही नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. जोन्स वेल्समधल्या रॅडनरशायरचा, जन्म १७४२. नेपल्समध्ये राहत असताना साधारण १७८२ मध्ये त्याने कागदावर ऑइलमध्ये एक भिंत रंगवली. फक्त भिंत. चित्र पोस्टकार्डाएवढं, जेमतेम ११ बाय १६ सेंटिमीटर. समोर गिलावा उडालेली भिंत, परांचीच्या बांबूंसाठी ठेवलेली भोकं तशीच, मधे एक छोटी बाल्कनी, तिच्यावर वाळत घातलेले कपडे आणि खाली भिंतीवर ओघळलेल्या पाण्याचा डाग, वर निळ्या आभाळाची एक पट्टी. बस्स. ना वेसुव्हियस ज्वालामुखी, ना समुद्र, म्हणजे नेपल्सला गेलेला प्रत्येक जण जे काढायचा त्यातलं काहीच नाही. हे नक्कल करणाऱ्याचं काम नाही हो! ही छोटी चित्रं घराण्यातच पडून राहिली आणि १९५४ मध्ये वंशजांनी विकायला काढली तेव्हा कुठे जगाला कळली. लोकांना माहीत नव्हतं म्हणून ते नव्हतंच असं कसं म्हणणार?

दरबार नाही, आर्ट स्कूल नाही, हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. म्हणूनच ही माणसं लंडनला गेली, रोमला गेली. मर्थर टिडफिलच्या पेन्री विल्यम्सने १८२५ मध्ये कव्हार्थ्वाचा लोखंडाचा कारखाना आतून रंगवला आणि नंतर आयुष्य रोममध्ये काढलं. बाहेर गेलेल्यांवर ब्रिटिश म्हणून शिक्का बसला आणि वेल्सच्या खात्यात शून्य दिसायला लागलं. बेट्स-अ-कोइडला १८४४ पासून इंग्रज चित्रकार डेव्हिड कॉक्सच्या मागोमाग जमलेले बहुतेक चित्रकार इंग्रज होते, हेही मान्य. पण ती त्या एका गावाची गोष्ट झाली, अख्ख्या देशाची नाही.

राहिला करड्या रंगांचा आरोप. लानेथ्लीचा जेम्स डिकसन इनेस, टीबी झालेला, १९११-१२ मध्ये वेल्सच्याच ऑगस्टस जॉन या चित्रकाराबरोबर अरेनिग डोंगरापाशी राहून छोट्या लाकडी फळ्यांवर रंगवत होता, जांभळे, गुलाबी, गडद निळे डोंगर. १९१४ मध्ये गेला, वय फक्त २७. आणि डोंगरच कशाला, खाणकामगाराचा मुलगा असलेल्या पीटर प्रेंडरगास्टने बेथेस्डाजवळची स्लेटची खाण रंगवली, दक्षिण वेल्समधल्या र्‍होंडा दरीतल्या अर्नेस्ट झोबोलने घरांच्या रांगा आणि दरीतली रात्र रंगवली, त्याचे आईवडील इटलीहून आलेले.

कफिन विल्यम्स या चित्रकाराबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं कारण 'तेच ते' हा शेरा बहुतेक त्याच्यावरच आहे. जन्म १९१८, अँगलसी बेटावरच्या लानगेव्हनीचा. फिट्स यायच्या म्हणून लष्करातून बाहेर पडावं लागलं, डॉक्टरने चित्रं काढायला सांगितलं, तिथून सुरुवात. पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या चपट्या सुरीने, रंगाचे जाड थर, कड्यांच्या बाजूने काळ्या रेघा, हे त्याच्या चित्रांत पुन्हापुन्हा येतं, बरोबर. पण जवळून बघितलं तर त्या करड्यातच हिरवा असतो, मातकट पिवळा असतो, ओल्या दगडावर चमकणारा पांढरा असतो. आणि १९६८-६९ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाला गेला, १८६५ पासून तिथे वसलेल्या वेल्श लोकांमध्ये राहिला, तिथला उजेड वेगळा म्हणून त्याचे रंगही बदलले, एकदम उजळ झाले. जो समोरच्या उजेडाप्रमाणे रंग बदलतो त्याला एकसुरी म्हणणं अन्याय आहे. वेल्सच्या नॅशनल लायब्ररीकडे त्याची खूप चित्रं आहेत, नेटवरही बघायला मिळतात. पॅटागोनियाचं एक आणि स्नोडनकडचं एक शेजारी शेजारी उघडा, आणि मग पोस्ट लिहिणाऱ्याने सांगावं की रंग तेच आहेत.